मुंबईत प्रजनन आरोग्याचं संशोधन : नवख्यांसाठी वाटाड्या

दरवर्षी एमएस्सीचे निकाल लागले की फोन सुरू होतात. "ताई, पीसीओएसवर पीएचडी करायचीय, कुठे अर्ज करू?" (पीसीओएस म्हणजे स्त्रियांमधला हार्मोनचा एक विकार.) विचारणारी कधी बायोटेक्नॉलॉजीची असते, कधी बीएएमएस झालेली, कधी लेबर रूममध्ये दोन पाळ्यांत राबलेली नर्स, तर कधी समाजकार्याची पदवीधर. प्रयोगशाळा, रुग्णालयातली ओपीडी आणि वस्ती, तिन्हीकडे या विषयावर काम करून झालंय. तेव्हा प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मुलांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच हिशेब आहे. या क्षेत्रात यंत्रं मिळतात, किट मिळतात, सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. मिळायला अवघड असतो तो समोरच्या बाईचा वेळ, आणि तिचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या कानावर जाणार नाही अशी जागा. विषय, गाइड, परवानग्या, वेळापत्रक हे सगळं त्यावरून ठरवा.

१. आधी दार ठरवा

"प्रजनन आरोग्य" हा एका विभागाचा विषय नाही. मुंबईत त्याची दारं वेगवेगळी आहेत आणि एका दारातून शिरल्यावर दुसऱ्यात जाणं सोपं नसतं.

प्रयोगशाळेची आवड असेल तर पहिलं नाव परळचं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था तिथे आहे. १९७० साली सुरू झालेल्या या संस्थेला जुनी माणसं पहिल्या नावावरून (इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन) अजून "आयआरआर" म्हणतात. केईएम अगदी शेजारी. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षाचा, म्हणजे मुंबईच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी ते काम मिळून केलं होतं. रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांची ही जवळीक परळचं मोठं बळ आहे, आणि तुमचा विषय हार्मोन, गर्भाशयाचं अस्तर, वंध्यत्व यांपैकी असेल तर तिचा फायदा घ्याच. संस्थेत काम केलं तरी पदवी विद्यापीठाची मिळते. मुंबई विद्यापीठ हा त्यातला जुना मार्ग. कलिनाच्या विद्यानगरीत विद्यापीठाचा स्वतःचा जीवशास्त्र विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभागही आहे.

डॉक्टर असाल तर वाट रुग्णालयातून जाते. सेठ जीएस आणि केईएम, ग्रँट आणि जेजे, लोकमान्य टिळक आणि सायन, टोपीवाला आणि नायर. ही सगळी महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. स्त्रीरोगशास्त्रात एमडी किंवा एमएस करताना प्रबंध लिहावाच लागतो. अनेक जण तो उरकून टाकतात, पण तोच नीट केला तर पुढच्या दहा वर्षांचा विषय हाती लागतो. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. हे काम आपल्याला मानवतं का, ते कळायला तेवढी पुरते.

आकडेवारी आणि समाज यांत रस असेल तर देवनार. गोवंडी स्टेशनजवळची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिच्याच देखरेखीखाली होतं. टीआयएसएस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) तिथून जवळच. जुहूला एसएनडीटीच्या आवारात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आहे, १९७४ पासूनचं. "गर्भपाताचा निर्णय घरात कोण घेतं" असा प्रश्न घेऊन परळच्या प्रयोगशाळेत गेलात तर ते तुम्हाला प्रेमाने देवनारला पाठवतील.

चौथं दार म्हणजे प्रोजेक्टवरची नोकरी. माझं स्पष्ट मत आहे की एमएस्सीनंतर लगेच पीएचडीला उडी मारू नका. वर्षभर एखाद्या प्रोजेक्टवर काम करा. आयसीएमआरच्या जाहिरातींत ही पदं "प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट" आणि "प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट" अशा नावांनी येतात. बऱ्याचदा वॉक-इन असतं, म्हणजे सांगितलेल्या वेळेत मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं. पगार ठरावीक, नोकरी कंत्राटी. पण गाइड कसा माणूस आहे, फ्रीझर कोण सांभाळतं, एथिक्सला किती वेळ लागतो, हे सगळं दुसऱ्याच्या प्रोजेक्टवर शिकून होतं.

२. विषय कापून लहान करा

"मुंबईतल्या स्त्रियांमधला पीसीओएस" हा विषय नाही, ते मथळ्याचं वाक्य आहे. त्याचा प्रश्न कसा करायचा ते पाहू, कारण निम्म्या मुली हाच विषय घेऊन येतात.

पहिली गोष्ट, पीसीओएस कुणाला म्हणायचं? २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित अंडोत्सर्ग, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातली वाढ, आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणाऱ्या अनेक लहान पुटिका. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएचची (अंडाशयातल्या पुटिकांतून येणाऱ्या एका हार्मोनची) रक्ततपासणी चालेल असं म्हटलं. पण कॉलेजमधल्या मुलींवर अभ्यास करणार असाल तर थांबा. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये असं हेच तज्ज्ञ सांगतात, आणि किशोरवयीन मुलींत एएमएचही चालत नाही. तिथे अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोनची वाढ या दोन्ही गोष्टी लागतात. हा फरक ज्याला माहीत नाही त्याचा सिनॉप्सिस (संशोधनाचा संक्षिप्त आराखडा) पहिल्याच चाळणीत परत येतो.

दुसरी गोष्ट, तुलनेचा गट. रुग्ण मिळतात, ओपीडीत रांग असते. निरोगी बाई मिळत नाही. एफएसएच, एलएच ही अंडाशयाला चालना देणारी हार्मोन तपासायची तर रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्यावं लागतं. म्हणजे जिला काही त्रास नाही अशा बाईने पाळीच्या दुसऱ्या दिवशी, डबा करून, गर्दीची लोकल पकडून, तुमच्यासाठी परळला यायचं! त्यात उपाशीपोटी इन्सुलिन तपासायचं असेल तर चहासुद्धा न घेता. या एका अटीवर कितीतरी चांगले विषय अडले आहेत. त्यामुळे सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला विचारा: पाळीच्या कुठल्याही दिवशी चालेल अशा तपासणीवर माझं भागेल का? एएमएचला दिवसाचं बंधन नाही. रुग्णालयातल्या परिचारिका, कर्मचारी, रक्तदानाला येणाऱ्या बायका यांतून गट करता येईल का? येत असेल तर त्या गटाच्या मर्यादाही लिहून ठेवा.

आधी कोणी काय केलंय ते शोधगंगेवर पाहा; देशभरातले प्रबंध तिथे मोफत मिळतात. पबमेड तर आहेच.

३. गाइड शोधताना

नाव मोठं आहे की नाही हे शेवटी बघा. आधी तीन गोष्टी तपासा.

जागा आहे का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडी विद्यार्थी असू शकतात.

निवृत्ती कधी? सेवेची तीन वर्षंही उरली नसतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

रुग्णालयाशी धागा आहे का? गाइड प्रयोगशाळेतला असेल तर स्त्रीरोग विभागातली एखादी व्यक्ती सहमार्गदर्शक म्हणून लागतेच. तिच्याशिवाय ओपीडीत तुम्हाला कुणी खुर्चीही देणार नाही. आणि ही व्यक्ती कागदावरची नको. तिच्या ओपीडीचे वार कुठले, युनिट कुठलं, हे माहीत असलेली हवी.

ईमेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट विमेन्स हेल्थ" हा साचा टाळा. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचा, त्यावर एक खरा प्रश्न विचारा, स्वतःबद्दल चार ओळी लिहा, सीव्ही जोडा. बस. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. शेवटी गाइडच्या चालू विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठून चहा पाजा. तिथे जे कळतं ते कुठल्याच संकेतस्थळावर नसतं.

४. प्रवेश आणि पैसा

पीएचडीसाठी नेटचे गुण २०२४ पासून तीन गटांत लागतात: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह), सहायक प्राध्यापक आणि पीएचडीसाठी पात्र, आणि फक्त पीएचडीसाठी पात्र. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. मुंबई विद्यापीठाची स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश) परीक्षाही आहे. कुठल्या वर्षी कुठल्या विभागाला काय चालतं, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा. सिनियरने सांगितलेला नियम दोन वर्षं जुना असतो.

जीवशास्त्रवाल्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट परीक्षा आणि आयसीएमआरची जेआरएफ हे तीन मुख्य रस्ते. जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्र) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडे भत्ता. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. पैसे येतात, पण वेळेवर येतीलच असं धरून खोली भाड्याने घेऊ नका. काही महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क असतो, त्यात संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा भाग सक्तीचा. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव सवलत आणि पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. प्रजनन आरोग्याच्या विभागातसुद्धा हा नियम माहीत नसलेली माणसं भेटतात, म्हणून प्रत काढून जवळ ठेवा.

५. कागदपत्रांची फाइल

दोन संच छायाप्रतींचे, एक मूळ, आणि सगळ्याचं स्कॅन फोनमध्ये:

- दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट
- नेट किंवा पेटचं गुणपत्रक
- अधिवास प्रमाणपत्र
- राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेयर
- आधार, बँक पासबुक, एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत
- शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
- नोकरी चालू असेल तर नियोक्त्याचं ना-हरकत पत्र

सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो. दहावीला वडिलांचं नाव मध्ये, आधारवर नवऱ्याचं, बँकेत आडनावच निराळं. अधिछात्रवृत्तीचे पैसे अडकण्याचं हे नेहमीचं कारण. अर्ज करण्याआधी सगळीकडे एकच नाव करून घ्या.

६. एथिक्स : इथे घाई चालत नाही

माणसांवरचं कुठलंही संशोधन, साधी प्रश्नावली का असेना, संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. "आधी थोडा डेटा गोळा करू, मग टाकू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका; तो डेटा पुढे छापता येत नाही.

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हा मूळ ग्रंथ. वाचायला जड आहे, पण स्त्रिया, गरोदरपण आणि मुलं यांच्यावरचे भाग तरी वाचाच. समितीत सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक. हा सामान्य नागरिक तुमचं माहितीपत्रक वाचून म्हणाला की "मला कळलं नाही", तर डॉक्टरांना कळून उपयोग नसतो.

सहसा हे जोडावं लागतं:

- संशोधन आराखडा आणि त्याचा सोप्या भाषेतला सारांश
- सहभागींसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत
- भाषांतर आणि उलट भाषांतर यांची प्रमाणपत्रं
- प्रश्नावली, सर्व भाषांत
- सर्व संशोधकांचे सीव्ही आणि जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं
- विभागप्रमुखांचं पत्र, दुसऱ्या रुग्णालयातून रुग्ण घेणार असाल तर तिथलंही
- खर्चाचा तपशील: प्रवासखर्च कोण देणार, तपासणीचे पैसे कोण भरणार

माहितीपत्रकाची मराठी पाठ्यपुस्तकी ठेवू नका. वस्तीतल्या बाईला "श्वेतप्रदर" कळत नाही, "अंगावरून पांढरं जातं का" हे कळतं. कॉपर-टीला ती तांबी म्हणते, गर्भाशयाला पिशवी. "ऑपरेशन झालंय का" असं विचारलंत तर नसबंदी, सिझर, पिशवी काढणं यांपैकी काहीही उत्तर येईल. प्रश्न फोडून विचारा.

संमतीची सही प्रौढ बाईची स्वतःची. नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्याऐवजी चालत नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत तटस्थ साक्षीदार. तुमचाच सहकारी साक्षीदार होऊ शकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. बारा वर्षांपुढे तो होकार लेखी.

आता कायदे. इथे अडखळलात तर तुमच्याबरोबर ती बाईसुद्धा अडचणीत येते, म्हणून नीट वाचा.

गर्भपाताचा १९७१ चा कायदा २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. गर्भपात केलेल्या बाईची ओळख उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालयाच्या गर्भपात नोंदवहीतून नावं उतरवून घरी फोन लावायचा विचारसुद्धा करू नका. जिला बोलायचं असेल तिला उपचार करणाऱ्या डॉक्टरमार्फत विचारलं जातं आणि ती स्वतः पुढे येते.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२. अठरा वर्षांखालच्या मुलीशी लैंगिक संबंध ठेवणं कायद्याच्या नजरेत गुन्हा आहे आणि तसं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. पंधरा ते सतरा वयाच्या गरोदर मुलींवर अभ्यास करणार असाल तर हे बंधन संमतीपत्रात आधीच, स्पष्ट लिहायला हवं. मुलगी बोलून गेल्यावर सांगणं ही फसवणूक झाली. माझा सल्ला: पहिल्याच अभ्यासात हा वयोगट घेऊ नका. घ्यावाच लागला तर समितीतल्या कायदेतज्ज्ञाशी आराखडा लिहितानाच बोला.

गर्भलिंगनिदानाचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी फक्त नोंदणी झालेल्या केंद्रात आणि पात्र व्यक्तीकडून. मशीन उचलून वस्तीत न्यायचा प्रश्नच नाही.

अंडपेशी, शुक्राणू, भ्रूण यांवर काम असेल तर २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा पाहा. संशोधनासाठी त्यांना देशाबाहेर पाठवण्यावर पूर्ण बंदी आहे. कुठल्याही विषयात परदेशी निधी किंवा भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते.

औषध किंवा उपचार देऊन परिणाम पाहणार असाल तर पहिली सहभागी घेण्याआधीच सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करा. २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. एमडीच्या प्रबंधात हे विसरलं जातं आणि मग एकही चांगलं नियतकालिक लेख घेत नाही.

फक्त सर्वेक्षणाचा नावं काढलेला, खुला डेटा वापरणार असाल तर समिती सूट देऊ शकते. पण सूट आहे हे तुम्ही ठरवायचं नसतं. तसं पत्र घ्या.

७. रुग्णालयात आणि वस्तीत शिरताना

समितीची मंजुरी आणि शिरायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालिकेच्या दवाखान्यात किंवा हेल्थ पोस्टमध्ये काम करायचं तर कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचं पत्र लागतं, मोठ्या रुग्णालयांसाठी अधिष्ठात्यांचं. अर्ज आवक विभागात द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, आणि पोचेवरचा क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या खेपेला टेबलावरचा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो.

पत्र मिळालं तरी काम होतं ते सिस्टर, मावशी आणि सीएचव्ही ताईंच्या (वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या) मर्जीने. गरोदर बायकांच्या ओपीडीत सकाळी दहा ते बाराच्या मधे प्रश्नावली काढू नका. त्या वेळी सिस्टरला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि बाईचा नंबर गेला तर ती तुमचं तोंड पाहणार नाही. रक्त देऊन अहवालाची वाट बघत बसलेली बाई निवांत बोलते. वस्तीत दुपारी दोन ते चार ही वेळ बरी: पाणी भरून झालेलं, मुलं शाळेत, नवरा कामावर.

गोवंडी, मानखुर्द, धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एकांत कुठून आणायचा? दोघींनी जायचं. एकीने सासूशी किंवा जावेशी मुलांच्या लसीकरणाबद्दल बोलत बसायचं, दुसरीने मुलाखत घ्यायची. कुणी आत आलं की विषय लगेच बदलायचा. त्यासाठी निरुपद्रवी प्रश्नांचं एक पान वर ठेवा. बालवाडीची खोली, समाजमंदिर, आशाताईंचं घर, यांपैकी काय चालेल ते बाईलाच विचारा. शेजारणीचं घर कधीच नको.

तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. "गणपतीच्या आधी की नंतर?" असं विचारा. त्यासाठी दोन वर्षांचा सणांचा तक्ता करा. त्यात रमजान, छठ आणि आंबेडकर जयंतीही असू द्या, कारण वस्ती एका समाजाची नसते. गर्भपाताबद्दल थेट विचारू नका. सगळ्या गरोदरपणांचा क्रमाने हिशेब घ्या: किती वेळा दिवस गेले, त्यातली किती मुलं आहेत, किती गेली, किती राहिलीच नाहीत. बेरीज जुळत नसेल तर बाई स्वतःच सांगते.

मारहाणीचं ऐकायला मिळेल. तेव्हा हातात काहीतरी हवं. पालिकेच्या रुग्णालयांतली दिलासा केंद्रं त्यासाठीच आहेत. त्यातलं पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत संस्थेने पालिकेबरोबर उभं केलं. १८१ ही महिला हेल्पलाइन. पण हा कागद बाईच्या घरात ठेवून येऊ नका, नवऱ्याच्या हाती लागतो. आरोग्य क्रमांकांच्या लांब यादीत तो एक क्रमांक असू द्या.

८. नमुना आणि प्रयोगशाळा

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस घ्या. तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, म्हणजे आधीपासून सुरू करावी लागते. सुई टोचली तर लपवू नका. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

हार्मोनसाठी सीरमची नळी, डीएनएसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. वार (प्लासेंटा), ऊती वगैरे पिवळ्या पिशवीत. नळ्या, सिरिंजसारखं प्लास्टिक लाल पिशवीत. रंग चुकला की अख्ख्या विभागाला नोटीस येते.

नळीवर नाव नको, सांकेतिक क्रमांक. नाव आणि क्रमांक यांची किल्ली वेगळ्या कुलपात. साध्या पेनाची शाई उणे ८० अंशांत टिकत नाही. फ्रीझरची लेबलं मागवा. फ्रीझरची वही पहिल्या दिवसापासून लिहा: कुठला रॅक, कुठली पेटी, कुठली जागा.

आणि पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये सायनहून परळला नमुना नेणं हे कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे, प्रत्यक्षात हिंदमाताला पाणी भरलं की दुपार जाते. रुग्णालयातच सीरम वेगळं करून गोठवता येईल का ते आधी ठरवा आणि तसं लेखी घ्या. पावसाळ्यात शक्य तितकं जुनं काम, म्हणजे तपासण्या आणि डेटा भरणं, काढा.

उपाशीपोटी आलेल्या बाईला रक्त घेतल्यावर चहा-नाश्ता आणि प्रवासखर्च द्यायचा. हा खर्च आराखड्यातच धरा.

९. आकडे

नमुनासंख्येसाठी साधं उदाहरण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हे प्रमाण ५४ धरून, पाच टक्के चूक चालेल असं मानलं, तर ४ गुणिले ५४ गुणिले ४६ (१०० वजा ५४) भागिले २५ (पाचचा वर्ग), म्हणजे साधारण ३९८. दहा टक्के बायका नकार देतील असं धरून ४४२. हे गणित तुम्हाला स्वतःला फळ्यावर करता आलं पाहिजे. तोंडी परीक्षेत विचारतात.

पण सापळा असा: सर्वेक्षणाच्या त्या फेरीत बोटातून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजलं होतं, रुग्णालयात ते शिरेतल्या रक्तावर मोजतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "आमच्याकडे रक्तक्षय कमी" असा निष्कर्ष काढू नका. गरोदर बाईसाठी सीमारेषा ११, इतर बायकांसाठी १२ ग्रॅम, हेही वेगळं ठेवा. शिवाय "शहरी महाराष्ट्र" म्हणजे मुंबई नव्हे. मुंबई आणि मुंबई उपनगर यांची जिल्हावार पत्रकं स्वतंत्र आहेत. कच्चा डेटा उघडलात तर भारांक वापरायला विसरू नका. त्या स्तंभातला आकडा दहा लाखांनी भागावा लागतो.

साधनं: वस्तीत फोनवर प्रश्नावली भरायला कोबो टूलबॉक्स, विश्लेषणाला आर किंवा एपी इन्फो, संदर्भांना झोटेरो. चारही फुकट. संशोधनपद्धतीची ओळख नसेल तर चेन्नईच्या आयसीएमआर संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स करा. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला लागतात.

१०. काम चालू असताना आणि संपताना

समितीला वार्षिक अहवाल द्यावा लागतो. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला, नवं रुग्णालय जोडलं, सहकारी बदलला, तरी आधी दुरुस्ती मंजूर करून घ्यायची. शेवटी समाप्ती अहवाल. उरलेले नमुने पुढच्या कामासाठी ठेवायचे असतील तर संमतीपत्रात तसा वेगळा रकाना आधीपासून हवा. नसेल तर ते नष्ट करावे लागतात आणि तशी नोंद ठेवावी लागते.

तपासणीचे निकाल बायकांना द्या, तेही प्रबंध पूर्ण होण्याची वाट न बघता. हिमोग्लोबिन सात निघालेल्या बाईला ते त्याच आठवड्यात कळायला हवं, सोबत कुठल्या ओपीडीत, कुठल्या वारी जायचं त्याची चिठ्ठी. फोन करायचा तर कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, हे संमती घेतानाच विचारून फॉर्मवर लिहून ठेवा. एका घरात एकच फोन असतो आणि तो बहुधा नवऱ्याच्या खिशात.